बनूबाईंच्या पाळणाघरातली हिंदी

बदलापूर पूर्वेला, कात्रपच्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर बनूबाई भोईर पाळणाघर चालवतात. दोन खोल्या, मागे जाळी लावलेली गॅलरी आणि दारात इवल्याशा चपलांचा ढीग. सकाळी साडेसातला पहिलं मूल येतं, संध्याकाळी सातला शेवटचं जातं. नवरा गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून बाईंनी शेजारच्या दोन पोरांना सांभाळायला घेतलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. आजूबाजूच्या नोकरदार आयांना बनूबाईंचं नाव सांगितलं की त्या पुढचं काही विचारत नसत. निदान गेल्या दिवाळीपर्यंत तरी नसत.

या घराचा एक नियम होता. टीव्ही नाही, आणि मुलांसमोर मोबाइल काढायचा नाही. बाईंचा स्वतःचा फोन बटणांचा होता. नियम असा आपोआप आलेला नव्हता. पहिल्या वर्षी त्यांच्याकडेही टीव्ही होता, आणि तो दिवसभर चालू असायचा. त्या वेळचा एक मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. आई त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पहिला प्रश्न केला, मूल दिवसाचं किती तास टीव्हीसमोर असतं? आई तोच प्रश्न घेऊन बनूबाईंच्या दारात आली. बाईंनी मनात मोजलं. चार तास, कधी पाच. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवायचाच नाही, पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्या माणसाने शेजारी बसून, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. बाईंनी त्याच आठवड्यात टीव्ही भावाच्या घरी पाठवून दिला. तो मुलगा पुढे बोलायला लागला, आता शाळेत वक्तृत्वाची बक्षिसंही आणतो म्हणे. पण बाईंच्या मनातली ती टोचणी काही गेली नाही.

घरात त्यांच्याखेरीज आणखी दोघी होत्या. एक सुंदराबाई, त्यांची थोरली बहीण. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले. मुलगा आकाश वांगणीला नव्या फ्लॅटमध्ये राहायचा, पण तो आणि सून दोघंही कंपनीत पाळीवर, म्हणून म्हातारी दोन वर्षांपासून बहिणीकडे होती. तिला उठबस जमत नसे, पण गोष्टी अशा सांगायची की रडकं मूल गप्प व्हावं. बाप मिठागरावर राबलेला. तिच्या गोष्टींत राजे-राण्या नव्हत्याच. त्यांत होते मिठाच्या ढिगावर झोपणारे बगळे, मुकादमाला फसवणारे खेकडे, भरतीच्या पाण्याशी भांडणारी म्हातारी. रोज चार ते पाच गोष्टीचा तास. बाहेर तान्ही झोपलेली असत, म्हणून सुंदराबाई मोठ्या पाच मुलांना घेऊन आतल्या खोलीत बसायची आणि दार लोटून घ्यायची. त्या तासाच्या जिवावर बनूबाई भाजी आणत, दुधाचं बघत, दोन घटका पाठ टेकत.

दुसरी गंगू. चामटोलीहून शेअर रिक्षाने यायची. भरवणं, धुणं, लंगोट, सगळं तिच्याकडे. त्याआधी सात वर्षं तिने उल्हासनगरला एका सिंधी कुटुंबात काम केलेलं, त्यामुळे हिंदी तिच्या जिभेवर खेळायची.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मैत्रेयी, म्हणजे अडीच वर्षांच्या चिमीची आई, मुलीला न्यायला आली आणि दारातच घुटमळली. ती अंबरनाथला एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात होती. बोलायला मऊ, पण नजर चौकस.

"काकू, एक विचारू? राग नका मानू."

"विचार की."

"चिमी घरी हिंदीत बोलते. म्हणजे आपली हिंदी नाही. 'चलो दोस्तो, आज हम क्या सीखेंगे?' असं. हात वर करून, गोल फिरून. आणि जेवताना तळहात समोर धरते, त्यावर बोट सरकवते."

बनूबाई हसल्या. "अगं, घरी बघत असेल."

"घरी शनिवार-रविवार अर्धा तास, तोही मी शेजारी बसून. आणि तेही मराठी गाणी लावून देते." मैत्रेयीने चिमीची चप्पल सरळ केली. "म्हणून म्हटलं, इथे कोणी…"

"माझ्याकडे?" बनूबाईंचा आवाज चढला. "माझ्याकडे टीव्ही नाही, बाई. सगळ्यांना ठाऊक आहे."

मैत्रेयी "हो, हो, ठाऊक आहे" म्हणत चिमीला कडेवर घेऊन निघून गेली. पण जाताना तिने घरात एकदा नजर फिरवली. कोपऱ्यातल्या कपाटावरून, गंगूच्या खुंटीला टांगलेल्या पिशवीवरून. बनूबाईंनी ती नजर पाहिली, आणि ती गेल्यावर त्याच वाटेने स्वतःची नजर फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून बाई कान देऊन ऐकू लागल्या. आणि ऐकू लागल्यावर काय काय कानावर पडलं! चार वर्षांचा दिपेश घसरगुंडीवरून "बचाओ, बचाओ, मैं डूब रहा हूँ" ओरडत उतरला; त्याच्या घरी हिंदी चाले, पण असली नाटकी नाही. जिज्ञासाने बाहुलीला "शाबाश, मेरे नन्हे दोस्त" म्हटलं. चिमीने तर मऊ भाताचा घास तोंडात घेऊन "वाह, कितना स्वादिष्ट!" असं म्हणत डोळे मिटले. स्वादिष्ट! बदलापुरातल्या कुठल्या घरात माणसं भाताला स्वादिष्ट म्हणतात?

म्हणजे चिमी एकटी नाही, बाईंच्या मनात आलं. सगळीच पोरं.

संशय एकदा घरात शिरला की त्याला पाट मांडून द्यावा लागत नाही, तो आपली जागा आपण शोधतो. बाईंचा संशय गंगूवर जाऊन बसला. हिंदी कोणाला येते? गंगूला. गणपतीच्या आधी नवा टचस्क्रीन फोन कोणी घेतला? गंगूने. मुलांना भरवतं कोण? गंगूच. आणि हल्ली पोरं तिच्या हातून कशी मुकाट जेवतात! पूर्वी याच गोष्टीचं बाईंना कौतुक वाटायचं.

बाई गंगूवर पाळत ठेवू लागल्या. गंगू दिवसातून दोन-तीनदा मोरीत जायची आणि नळ सोडून ठेवायची. एकदा बाई दाराशी गेल्या तर आत ती कुजबुजत होती. बाहेर आली तेव्हा फोन घाईघाईने कमरेला खोचला. "काय गं, कोण होतं?" "कोन नाय, बाय." दुसऱ्या दिवशी ती अंगणात कपडे वाळत घालत असताना बाईंनी खुंटीवरची तिची पिशवी उघडली. अकरा वर्षांत त्यांनी कोणाच्या पिशवीला हात लावला नव्हता. आत डबा, कंगवा आणि चार्जर. चार्जर पाहून बाईंना आपण जिंकल्यासारखं वाटलं. त्यांनी घाईने पिशवी बंद करून खुंटीला अडकवली.

इकडे दारातलं बोलणं बदललं होतं. पालकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. बटणांच्या फोनमुळे बाई त्यात नव्हत्या, आजवर त्यांना त्याची गरजही पडली नव्हती. आता संध्याकाळी दोन आया फाटकाशी बोलत उभ्या असल्या आणि बाई बाहेर आल्या की त्या गप्प होत. दिपेशचे वडील मुकेश, उल्हासनगरला कापडाचं दुकान असलेले, नेहमी सातला येणारे, एक दिवस अचानक तीनला टपकले. "इधर से जा रहा था, काकू," म्हणाले आणि आत डोकावून गेले. मैत्रेयीने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, कॅमेरा बसवायचा का हॉलमध्ये? आम्ही सगळे मिळून बघू त्याचं." बनूबाईंना ते चपराक मारल्यासारखं लागलं. आता माझ्याच घरात मला चोरासारखं वावरायचं का?

आणि मग एका दुपारी त्यांना हवं ते दिसलं. त्या दळण टाकून लवकर परतल्या होत्या. खिडकीतून पाहिलं तर गंगू भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर वर्षाचा बाळा, आणि हातात फोन. पडदा उजळलेला.

बाई आत आल्या त्या तशाच चपला घालून. "गंगू!"

गंगू दचकली. फोन पालथा घातला. बाळा जागा होऊन रडायला लागला.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय, बाय?"

"पोरांना फोन दाखवणं. माझं नाव मातीत घातलंस तू."

"मी?" गंगू उभी राहिली. "मी नाय कुनाला दाखवत. पोरीचा मेसेज आलता, प्रीतीचा. ती नर्सिंगला हाय ना पुन्याला, परीक्षा हाय तिची. तिला करमत नाय, रडते. बाय, हा घ्या फोन, बघा काय बघायचं ते."

"मला नाही बघायचं. उद्यापासून येऊ नकोस."

गंगूने फोन पुढे धरलेला होता, तो हळूच मागे घेतला. बाळाला बाईंच्या हातात दिलं, पिशवी काढली. दारात वळून एवढंच म्हणाली, "चार वरसं झाली मना तुमच्याकडं." सुंदराबाई आतल्या खोलीच्या उंबऱ्यात काठी धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती काठी टेकत आत वळली. बहिणीला वाईट वाटलं असेल, गंगूवर तिचा जीव होता, असं बाईंना वाटलं.

त्या संध्याकाळी बाईंनी पालकांना ताठ मानेने सांगितलं, "कारण सापडलं. काढून टाकलं." मैत्रेयी म्हणाली, "थँक्यू काकू, मला माहीत होतं तुम्ही बघाल."

पुढच्या सोमवारी चिमी चपला काढता काढता हिंदीत काही बोलली नाही. मंगळवारीही नाही. बाईंना हायसं वाटलं. आणि बुधवारी, न्यायला आलेल्या मैत्रेयीच्या देखत, चिमी दोन्ही हात पसरून म्हणाली, "अरे! यह तो जादुई मोर है!"

मैत्रेयी हसली नाही. बनूबाईही नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि त्या बघण्यात दोघींनाही कळलं की आता कोणीच कोणावर विश्वास ठेवत नाही.

कारण बाईंच्या मनात आता उलटा वारा सुटला होता. ही मैत्रेयीच खोटं बोलत असेल तर? हल्लीच्या आया, घरी आल्या की स्वयंपाकाच्या घाईत पोराच्या हातात फोन देतात आणि डॉक्टरसमोर अर्धा तास सांगतात. नवरा विक्रांत आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो म्हणे, त्याने दाखवलं तर हिला काय कळणार? स्वतःचं झाकायचं म्हणून माझ्यावर ढकलते. गंगूचं उगाच…

तिथे त्यांचं मन अडायचं. गंगूचं उगाच गेलं असेल तर?

शेवटी त्यांनी एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. जुन्या कॅलेंडरची पानं फाडून त्यांच्या पाठीवर त्या लिहू लागल्या. कोण मूल, काय बोललं, किती वाजता. सात दिवस. सातव्या दिवशी पानं पुढ्यात मांडली. सकाळी मुलं घरून यायची तेव्हा नवं काही नसायचं, असलं तर कालचंच. नवं वाक्य यायचं ते पाचनंतर. दररोज, पाचनंतर.

चार ते पाच या घरात कोण काय करत होतं, हे त्यांना पाठ होतं.

त्यांनी ते मनाला पटू दिलं नाही. उद्या बघू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चारला पिशवी उचलली, "भाजी घेऊन येते गं ताई," असं मोठ्याने सांगितलं, फाटकापर्यंत गेल्या, बाहेर शेजारच्या जिन्यात दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि चपला हातात घेऊन परत आल्या. स्वतःच्याच घरात अनवाणी, श्वास धरून. लोटलेल्या दारामागून एका बाईचा आवाज येत होता. गोड, चढा, अजिबात न दमणारा. "तो बच्चो, फिर बगुले ने क्या किया?"

बाईंनी दार ढकललं.

खाटेवर उशीला टेकवून एक फोन उभा केलेला होता, काचेला तडा गेलेला. समोर पाच मुलं, तोंडं उघडी, अंगावर निळसर उजेड. त्यांच्यामागे खुर्चीत सुंदराबाई. तीही पडद्याकडेच बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. फोनमधली बाई जे बोलत होती ते ती मागून पुटपुटत होती, पाढे पाठ करणाऱ्या पोरासारखी.

बनूबाईंनी फोन उचलला आणि पालथा ठेवला. मुलं एकदम कलकलली. दिपेश पाय आपटू लागला, चिमीने भोकाड पसरलं. सुंदराबाई मात्र जागची हलली नाही.

मुलं गेल्यावर दोघी समोरासमोर बसल्या.

"कुठून आला?"

"आकाशने दिला. जुना हाय त्याचा. बोलला, आई, एकटी असशील तवा बघ."

"तू एकटी होतीस? पाच पोरं होती तुझ्यापुढे!" बाईंचा आवाज फुटला. "मला सांगायचं तरी. माझ्या डोळ्यांदेखत गंगूला काढलं मी. तू उंबऱ्यात उभी होतीस, ताई. तोंडातून एक शब्द काढला नाहीस!"

सुंदराबाई काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "मना गोष्टी आठवत नाय गो, बनू."

"म्हणजे?"

"सुरुवात येते. बगला मिठाच्या ढिगावर बसला, इथपर्यंत येते. मंग काय झालं तेच नाय येत. पोरं बोलतात, पुढं सांग ना, पुढं सांग ना. त्या दिवशी मी तीनदा पयल्यापासून सांगितली. दिपेश हसला. बोलला, मावशीआजी, तुझी गोष्ट अडकली." तिने खाटेवरच्या फोनकडे हात केला. "फोनमध्ये बगल्याची गोष्ट शोधायला लागले. बोलले, ऐकून ऐकून आठवंल. तिकडची बगल्याची येगळीच निघाली. पन पोरं गप बसली. मंग रोज लावला."

बनूबाईंना राग आवरत नव्हता आणि तो ठेवायला जागाही सापडत नव्हती. चार महिन्यांपूर्वी ताईने आमटीत दोनदा मीठ घातलं होतं. आकाशच्या मुलाला आपल्या भावाच्या नावाने हाक मारली होती. गंगूच्या फोनवर, मैत्रेयीच्या घरावर, सगळ्या जगावर बाईंनी डोळा ठेवला होता, आणि शेजारच्या उशीवर झोपणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सगळ्या पालकांना थांबवून घेतलं. कॅलेंडरची पानं हातात होती, ती कोणाला दाखवावी लागली नाहीत.

"फोन माझ्याच घरात होता," त्या म्हणाल्या. "माझी बहीण दाखवत होती. रोज एक तास, तीन महिने. मी तेव्हा घरात किंवा भाजीबाजारात असायचे. चूक माझी आहे. गंगूची नव्हती. मी तुम्हाला खोटं कारण सांगितलं, मला तेच खरं वाटत होतं."

जिज्ञासाच्या आईने विचारलं, "पण मग तुम्हाला कळलं कसं नाही, काकू?" बाईंनी हातातली पानं दुमडली. जिज्ञासा आणि आणखी एक मूल महिनाअखेर गेलं. मुकेश म्हणाले, "घर में मेरी माँ भी यही करती है, काकू. उसको कौन बोले?" आणि दिपेशला ठेवलं. मैत्रेयीने चिमीला पंधरा दिवस आणलंच नाही. सोळाव्या दिवशी घेऊन आली. आत येऊन बसली आणि दोघींनी मिळून ठरवलं. पाळणाघरात पडदा मुळीच नाही. घरी अर्धा तास, आणि चिमी सकाळी नवं काही बोलली तर ते काय होतं हे मैत्रेयीनेच आधी सांगायचं. पाच वाजता बाईंनीही तसंच सांगायचं. "म्हणजे तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवणार आणि मी तुमच्यावर," मैत्रेयी म्हणाली. तिने ते हसत म्हटलं, पण ते खोटं नव्हतं.

पहिले आठ दिवस चार वाजले की घर डोक्यावर घेतलं जायचं. मुलं आतल्या खोलीच्या दारावर थापा मारत, खाटेखाली शोधत. बाईंनी तो तास गॅलरीत काढला. कधी घमेल्यात पाणी आणि वाट्या, कधी कणकेचे गोळे. हळूहळू रड कमी झाली, पण दिपेश अजूनही अधूनमधून विचारतो.

सुंदराबाई बहिणीशी बोलेनाशी झाली होती. सगळ्यांसमोर नाव घेतलं याचा तिला राग होता, आणि तो विसरायला मात्र ती तयार नव्हती. आकाशने उल्हासनगरच्या एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, तर ती म्हणाली, "बनूबरोबर जायची नाय. गंगू येईल तर जाईन."

म्हणून बनूबाई रविवारी चामटोलीला गेल्या. गंगू अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने पाणी दिलं, पाट दिला, पण सूप खाली ठेवलं नाही. बाईंनी फोनचं सगळं सांगितलं, स्वतःचं काही राखलं नाही. पिशवी उघडल्याचंसुद्धा.

"पिशवीचं मना कललंच होतं," गंगू म्हणाली. "कंगवा उलटा होता."

"परत येशील?"

"नाय." तिने तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. "अंबरनाथला लागले मी, एका दवाखान्यात. प्रीती बोलली, आई, जिथं पिशवी बघतात तिथं जाऊ नको."

बाईंनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग त्यांनी सुंदराबाईचं विसरणं आणि तिचा निरोप सांगितला. गंगूचं पाखडणं थांबलं.

"मावशी ईसरते?"

"हो."

"कधी हाय डॉक्टर?"

"गुरुवारी."

गुरुवारी सकाळी दहाला रिक्षा फाटकाशी आली. गंगू सुटी काढून आली होती. सुंदराबाईचा एक हात तिने खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातात काठी दिली आणि पायरी पायरी उतरवलं. बनूबाई कडेवर बाळाला घेऊन दारात होत्या. बाकीची मुलं घरात, त्यांना सोडून जाता येत नव्हतं. जुने कागद, औषधांची चिठ्ठी आणि पाण्याची बाटली त्यांनी रिक्षात ठेवली.

"गंगू, काय म्हणतात ते मला फोन करून सांग."

"मावशीला ईचारून सांगन," गंगू म्हणाली. "तिला नको असंल तर नाय."

बनूबाईंनी मान हलवली. सुंदराबाईने पदर सावरला, रिक्षावाल्याला "चल रं" म्हणाली, आणि रिक्षा कात्रपच्या चढाने हायवेकडे लागली.